जुने आणि नवे बाहेर काढणारा गृहस्थ

सामान्य काळातील सतरावा रविवार (वर्ष अ)
पहिले वाचन : १ राजे ३:५, ७-१२ • दुसरे वाचन : रोम ८:२८-३० • शुभवर्तमान : मत्तय १३:४४-५२



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्याला शेतात लपविलेल्या ठेवीचा, मौल्यवान मोत्याचा आणि समुद्रात टाकलेल्या जाळ्याचा दाखला सांगतो. हे तिन्ही दाखले आपल्या परिचयाचे आहेत. शेतातल्या ठेवीचा दाखला तर आपल्या वाशिम जिल्ह्यातील माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. या दिवसांत सोयाबीनमध्ये डवरे चालू आहेत, बाया निंदणाला जात आहेत. रोज पायाखाली तुडविल्या जाणाऱ्या मातीत काही दडलेले असू शकते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते.

पण या उताऱ्याच्या शेवटी प्रभू आणखी एक लहानसे उदाहरण देतो. त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. स्वर्गाच्या राज्याचे शिक्षण मिळालेला शास्त्री हा आपल्या भांडारातून नवे आणि जुने बाहेर काढणाऱ्या घरधन्यासारखा आहे, असे प्रभू म्हणतो. ठेव सापडणे ही एक गोष्ट झाली. ती भांडारातून काढून घरातल्या माणसांच्या हाती देणे ही दुसरी गोष्ट. आज मला या दुसऱ्या गोष्टीविषयी बोलायचे आहे.

भांडार म्हटले की आपल्या जिल्ह्यातील लोकांना कारंजा आठवले पाहिजे. तेथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत शेकडो वर्षांपूर्वीची हस्तलिखिते जपून ठेवलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती बस्त्यात बांधून सांभाळली. पण त्यांतील अपभ्रंश भाषा वाचून अर्थ सांगणारे फार थोडे उरले होते. अमरावतीच्या त्या वेळच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकविणारे डॉ. हिरालाल जैन यांनी या पोथ्यांवर मेहनत घेतली आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतले ग्रंथ 'कारंजा जैन ग्रंथमाला' या नावाने छापून बाहेर आले. ज्यांनी जपले त्यांचे उपकार आहेतच. पण ज्याने उघडून वाचले आणि दुसऱ्याला वाचता येईल असे केले, त्याचेही उपकार तितकेच आहेत.

अशीच एक पोथी आपल्या ख्रिस्तसभेचीही आहे. ती लॅटिन भाषेत लिहिलेली आहे, आणि ती इंग्रजीत आली ती आपल्या विदर्भातून, नागपूरच्या एका शिक्षकाच्या हातून. तिची हकीगत आज सविस्तर सांगतो.

१५७९ साली अकबर बादशहाने गोव्याला निरोप पाठविला की, आपल्या दरबारात ख्रिस्ती धर्मगुरू पाठवावेत. त्यानुसार येशूसंघाचे तीन धर्मगुरू १७ नोव्हेंबर १५७९ रोजी गोव्याहून निघाले. फादर रुदोल्फ आक्वाव्हिवा हे इटालियन, त्यांचे प्रमुख. फादर फ्रान्सिस हेन्रिक हे मूळचे इराणी वंशाचे, दुभाष्याचे काम करण्यासाठी. तिसरे फादर अंतोनी मोन्सेरात, स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातले. दमण, सुरत, मांडू, उज्जैन, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते फत्तेपूर सिक्रीला गेले. फादर मोन्सेरात वाटेत आजारी पडले म्हणून ते थोडे मागाहून, मार्च १५८० मध्ये पोहोचले.

वरिष्ठांनी फादर मोन्सेरात यांच्यावर एक काम सोपविले होते. जे पाहाल, जे ऐकाल, ते लिहून ठेवा. त्यांनी ते काम मनापासून केले. दिवसभराचा प्रवास, दरबार, राजपुत्र मुराद याला शिकविणे, हे सगळे आटोपल्यावर रात्री बसून ते त्या दिवसाची नोंद करीत. १५८१ साली बादशहा काबूलच्या मोहिमेवर निघाला तेव्हा तेही बरोबर गेले. तेथेही लिहिणे चालूच राहिले.

पुढे काय झाले? ज्या आशेने ही मंडळी गेली होती ती पूर्ण झाली नाही. अकबराने त्यांचा मान राखला, रात्र रात्र त्यांच्याशी चर्चा केली, पण तो ख्रिस्ती झाला नाही. फादर मोन्सेरात १५८२ साली परतले. फादर रुदोल्फ यांना १५८३ च्या जुलै महिन्यात गोव्यातील कुंकळ्ळी येथे चार साथीदारांसह रक्तसाक्षित्व पत्करावे लागले. १८९३ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

फादर मोन्सेरात यांच्या वाट्याला वेगळेच आले. १५८९ च्या आरंभी फादर पेद्रो पाएझ यांच्यासोबत त्यांना हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात पाठविण्यात आले. वाटेत अरबस्तानच्या किनाऱ्यावर ते पकडले गेले. सुमारे सात वर्षे ते येमेनमध्ये कैदेत होते. शेवटी शेवटी त्यांना गलबतावर वल्ही मारण्याच्या सक्तमजुरीला जुंपण्यात आले. १५९६ साली खंडणी भरून त्यांची सुटका झाली, आणि १६०० साली गोव्यातील साष्टी भागात ते प्रभूकडे गेले.

बंधुभगिनींनो, याच कैदेत, येमेनच्या साना शहरात, १५९१ च्या सुरुवातीला त्यांनी आपला लॅटिन ग्रंथ पूर्ण केला. त्याचे नाव 'मोंगोलिके लेगातिओनिस कोमेंतारिउस', म्हणजे मोगल दरबारातील शिष्टाईची हकीगत. बादशहाला बाप्तिस्मा देता आला नाही, इथिओपियाला पोहोचता आले नाही. पण सोपविलेले काम त्यांनी तुरुंगातही पुरे केले. आणि त्या कामाचेही फळ त्यांना दिसले नाही. ग्रंथ छापला गेला नाही. हस्तलिखित कोठे गेले याचा पुढे पत्ता राहिला नाही.

तीनशे वर्षे उलटली. १९०६ साली कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या ग्रंथालयात डब्ल्यू. के. फर्मिंजर नावाच्या अँग्लिकन धर्मगुरूंना ते हस्तलिखित सापडले. कलकत्त्यात त्या वेळी फादर हेन्री होस्टेन हे बेल्जियमचे येशूसंघीय धर्मगुरू होते. १८७३ साली जन्मलेले आणि १९३५ साली वारलेले हे फादर म्हणजे जुन्या कागदांतच आयुष्य घालविलेला माणूस. येशूसंघीयांची जुनी पत्रे, प्रवासवर्णने, लॅटिन आणि पोर्तुगीज दप्तरे शोधायची, वाचायची, अनुवादायची आणि टीपा देऊन छापायची, हेच त्यांचे व्रत. त्यांनी ते हस्तलिखित अक्षर अक्षर लावून वाचले, आणि १९१४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने तो लॅटिन मजकूर प्रसिद्ध केला.

पण लॅटिन वाचणार किती जण? भांडाराचे दार उघडले होते. माल अजून आतच होता. येथे नागपूरचा संबंध येतो. जॉन हॉयलंड नावाचे एक इंग्रज मिशनरी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवीत होते. त्यांनी हा संपूर्ण लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला. पतियाळाच्या मोहिंद्र कॉलेजातील इतिहासाचे प्राध्यापक एस. एन. बॅनर्जी यांनी त्याला टीपा लिहिल्या. १९२२ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो प्रसिद्ध केला. पुढे १९२८ साली याच दोघांनी डच लेखक दे लात याचा मोगल साम्राज्यावरील १६३१ सालचा लॅटिन ग्रंथही इंग्रजीत आणला. आज अकबराच्या काळाचा अभ्यास करणारा विद्यार्थी फादर मोन्सेरात यांना वाचल्याशिवाय पुढे जात नाही. तो त्यांना वाचतो ते बहुधा नागपूरच्या त्या शिक्षकाच्या शब्दांत.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हॉयलंड हे कॅथलिक नव्हते. ते क्वेकर, म्हणजे मित्रसंघ या पंथाचे होते. त्यांच्या उपासनेत मिस्सा नाही, दीक्षित धर्मगुरू नाही. इंग्लंडमधील त्यांच्या पद्धतीत सारे जण शांत बसून प्रभूची वाट पाहतात. अशा माणसाने एका कॅथलिक धर्मगुरूचे म्हणणे त्याच्याच बाजूने, शब्दाला शब्द जागून इंग्रजीत सांगितले. कॅथलिक धर्मगुरूने लिहिले, अँग्लिकन धर्मगुरूला सापडले, दुसऱ्या कॅथलिक धर्मगुरूने वाचून छापले, क्वेकर शिक्षकाने अनुवाद केला आणि एका बंगाली प्राध्यापकाने टीपा दिल्या. पवित्र आत्मा कोणाच्या हातून काय करून घेईल हे आपण ठरवू शकत नाही.

हॉयलंड यांनी आपल्या तुकोबांचे अभंगही इंग्रजीत नेले, आणि गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात इंग्रजीत उतरविलेल्या भजनांना त्यांनी पुस्तकाचे रूप दिले. एका कैद्याचे लॅटिन आणि दुसऱ्या कैद्याची भजने, दोन्ही त्यांच्या हातून लोकांपर्यंत गेली. दुसऱ्याचा शब्द नीट ऐकून तिसऱ्याला पोहोचविणे, हीच त्यांची सेवा.

अशा सेवेसाठी काय लागते? उत्तर आजच्या पहिल्या वाचनात आहे. परमेश्वराने तरुण शलमोनाला विचारले, तुला काय देऊ? त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, धन मागितले नाही, शत्रूंचा जीव मागितला नाही. त्याने अंतःकरण मागितले. कसले अंतःकरण? मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ होतो 'ऐकणारे हृदय'. संत जेरोम यांनी लॅटिन भाषांतर करताना तेथे 'दोसिले' हा शब्द घातला. त्याचा अर्थ शिकण्यास तयार असलेले. दोन्ही अर्थ एकमेकांना धरून आहेत. जो ऐकतो तोच शिकतो. आणि जो शिकला तोच दुसऱ्याला सांगू शकतो. अनुवादकाला सगळ्यात आधी स्वतःचे तोंड बंद ठेवावे लागते. समोरचा काय म्हणतो आहे ते पुरते ऐकून घ्यावे लागते.

दुसरे लागते ते इमान. फादर मोन्सेरात यांच्या ग्रंथात इतर धर्मांविषयी काही कठोर शब्द आहेत. आज आपण तसे लिहिणार नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा आदर करण्यास आपल्याला शिकविले आहे. पण अनुवादकाला न पटलेले वाक्य गाळता येत नाही आणि आवडलेल्या वाक्यात स्वतःची भर घालता येत नाही. आपण घरात, शेजारात एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगतो तेव्हा हे इमान राखतो का? सासूचे म्हणणे सुनेला सांगताना, एका भावाचा निरोप दुसऱ्याला देताना, आपण किती गाळतो आणि किती पदरचे घालतो? कितीतरी घरे केवळ चुकीच्या निरोपांमुळे तुटली आहेत.

तिसरे लागते ते मागे राहण्याची तयारी. ग्रंथावर नाव मोठे असते ते लेखकाचे. अनुवादकाचे नाव बारीक अक्षरात असते. तेही कोणी वाचत नाही. आपण दर रविवारी जी मिस्सा मराठीत अर्पण करतो, ती प्रार्थनाविधीच्या लॅटिन ग्रंथांवरून मराठीत आली आहे. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत उपासना करण्यास वाट मोकळी केली. त्यानंतर कोणीतरी टेबलाशी बसून एकेका लॅटिन शब्दाला मराठी शब्द शोधला. लॅटिनमध्ये एका शब्दात मावणारी गोष्ट मराठीत कशी म्हणावी, म्हटली तर वृद्ध आजीला कळेल का, गाता येईल का, याचा विचार केला. त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? तरी त्यांच्या शब्दांनीच आपण दर रविवारी देवाला हाक मारतो, आणि त्याच शब्दांत आपल्या मृतांना निरोप देतो.

मराठी ख्रिस्ती माणसाला हा वारसा मोठा आहे. ज्या १५७९ सालच्या नोव्हेंबरात ते तिघे फत्तेपूर सिक्रीकडे निघाले, त्याच्या आदल्याच महिन्यात फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले होते. त्यांनी मराठी आत्मसात केली आणि १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' दिले. त्यातील नव्या कराराला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूकडे गेले. याच आठवड्यात त्यांचे पुण्यस्मरण येते. आजच्या मिस्सेत त्यांच्यासाठी प्रार्थना करू या.

दुसऱ्या वाचनात संत पौल सांगतो की, देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. या वचनाचा आपण पुष्कळदा सोपा अर्थ घेतो की, जे होते ते चांगल्यासाठीच होते. ज्याचे पीक गेले, ज्याच्या घरात तरुण मृत्यू झाला, त्याला जाऊन असे सांगणे बरे नव्हे. फादर मोन्सेरात यांची कैद ही चांगली गोष्ट नव्हती. वल्ही मारणे ही चांगली गोष्ट नव्हती. पण त्या वाईटातूनही देवाने काही वाया जाऊ दिले नाही. एका माणसाने तुरुंगात विश्वासूपणे केलेले काम देवाने तीनशे वर्षे सांभाळले, आणि ते पूर्ण करायला वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या पंथांची माणसे उभी केली. 'माझ्या आयुष्यात मला फळ दिसले नाही' असे वाटणाऱ्या आईवडिलांनी हे मनात ठेवावे.

आता आपल्या घराकडे वळू. फादर मोन्सेरात यांच्या काळातल्या दोन गोष्टी आपल्याला आरसा दाखवितात.

पहिली अशी. त्या धर्मगुरूंनी अकबराला बायबलचे मोठमोठे खंड भेट दिले. अँटवर्प शहरात छापलेले ते बायबल होते. त्यात हिब्रू, ग्रीक, लॅटिन असे अनेक भाषांतले मजकूर एकत्र दिलेले होते. बादशहाने ते अत्यंत आदराने मस्तकी लावले. पण त्याला स्वतःला वाचता येत नव्हते, आणि आले असते तरी त्या भाषा त्याच्या नव्हत्या. ग्रंथ डोक्यावर गेला, पण सांगणाऱ्याशिवाय त्यातला शब्द कानापर्यंत जाणार नव्हता. म्हणून तर फादर रुदोल्फ फारसी शिकायला बसले. आपल्या घरी बायबल कोठे आहे? शोकेसमध्ये, प्लास्टिकच्या कव्हरात, समोर मेणबत्ती. आदर आहे, यात शंका नाही. पण ते मराठीत आहे आणि आपल्याला वाचता येते. मग आपली सबब कोणती?

दुसरी गोष्ट अकबरनाम्यात नोंदलेली आहे. माणसाची मूळची भाषा कोणती, हे पाहण्यासाठी बादशहाने काही तान्ही मुले एका वेगळ्या वाड्यात ठेवली. त्यांना दूध पाजणाऱ्या दायांनी एक शब्दही बोलायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. काही वर्षांनी, १५८२ साली, बादशहा तेथे गेला. मुलांच्या तोंडून कोणतीच भाषा निघाली नाही. नुसते मुक्यांसारखे आवाज. त्यांना जेवण मिळाले, वस्त्र मिळाले, छप्पर मिळाले. शब्द मिळाला नाही, म्हणून ती मुकी राहिली.

पालकांनो, हे ऐकून मन हेलावते. पण आपल्या मुलांना आपण जेवण देतो, ट्यूशन देतो, मोबाईल देतो. आणि प्रार्थनेचा शब्द? धर्मशिक्षणाच्या वर्गाला मूल आठवड्यातून एक तास येते. उरलेला आठवडा ते तुमच्याजवळ असते. त्याच्या कानावर देवाचा शब्द पडलाच नाही, तर ते मोठेपणी देवाशी कोणत्या भाषेत बोलेल? ते श्रद्धेच्या बाबतीत मुके राहिले, तर त्याचा दोष त्याला देता येईल का?

आपला धर्मग्राम लहान आहे आणि पसरलेला आहे. काही कुटुंबांना मिस्सेला येण्यासाठी एस.टी.ची वाट पाहावी लागते. धर्मगुरू प्रत्येक घरी दर आठवड्याला पोहोचू शकत नाही. म्हणून घराघरात एकेक सांगणारा हवा. त्यासाठी पदवी लागत नाही. लॅटिनही लागत नाही. आपले शुभवर्तमान आपल्या वऱ्हाडी बोलीत सांगितले तरी चालते. ज्या आजीला अक्षरओळख नाही तिला नातवाने वाचून दाखवावे, आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या ज्या नातवाला मराठी बायबल अवघड वाटते, त्याला आजीने त्याचा अर्थ सांगावा. दोघेही एकमेकांचे अनुवादक होतील. प्रभूने सांगितलेले नवे आणि जुने असे एकाच ओसरीवर एकत्र बसते.

या आठवड्यासाठी तीन गोष्टी सुचवितो.

१. आज घरी गेल्यावर बायबल शोकेसमधून काढून जेथे सगळे जेवायला बसतात तेथे ठेवावे.

२. शनिवारी संध्याकाळी, दिवाबत्तीच्या वेळी, दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान घरातील एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत सांगावे. पाच मिनिटे पुरेत. दर आठवड्याला सांगणारा बदलावा. लहान मुलांनाही पाळी द्यावी.

३. आपल्या शेजारी आजारी, अंथरुणाला खिळलेले किंवा निरक्षर श्रद्धावंत असतील, तर मिस्सेनंतर त्यांच्या घरी जाऊन आज देवळात काय ऐकले ते सांगावे. आपल्या पदरचे कमी घालावे. प्रभूचे अधिक सांगावे.

फादर मोन्सेरात रोज रात्री दिव्याच्या उजेडात लिहीत होते तेव्हा आपले शब्द कोण वाचणार हे त्यांना माहीत नव्हते. तुम्ही आज ज्या मुलाला एक शुभवर्तमान सांगाल, ते मूल पन्नास वर्षांनी कोणाला काय सांगेल हे तुम्हालाही माहीत नाही. ते देवाला माहीत आहे. आपण आपल्या वाट्याचे सांगून ठेवावे.

प्रार्थना करू या :

हे प्रभू, तू शलमोनाला ऐकणारे हृदय दिलेस. ते आम्हालाही दे. ज्यांनी तुझा शब्द जपला, वाचला, आमच्या भाषेत आणला आणि नाव न मागता निघून गेले, त्या सर्वांना तुझ्या शांतीत विसावा दे. आमच्या घरांतील बंद भांडारे उघड. आमच्या लेकराबाळांच्या ओठी तुझे नाव राहू दे. आणि ज्यांना आपल्या कष्टांचे फळ अजून दिसले नाही, त्यांना विश्वासूपणे काम करीत राहण्याचे धैर्य दे. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.

— आपला धर्मगुरू